शिवाजी पार्कची वारसा यादी: 2012 मध्ये काय अडलं आणि पुढच्या सुधारणेत काय बदलायला हवं

31 जुलै 2012 रोजी मुंबई महानगरपालिकेने वारसा यादीत भर घालण्यासाठी 948 वास्तू आणि परिसरांचा प्रस्ताव हरकती-सूचनांसाठी खुला केला. 1995 ची मूळ यादी सहाशेच्या थोडी पुढे होती. म्हणजे एका प्रस्तावात यादी दुपटीहून मोठी होणार होती. जुन्या यादीचा भर फोर्ट, कुलाबा, मलबार हिल अशा दक्षिणेकडच्या भागावर होता. नव्या प्रस्तावात शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंगा, बीडीडी चाळी अशी मध्य मुंबईतली राहती वस्ती मोठ्या प्रमाणावर आली. ज्यांचं नाव यादीत आलं त्यांच्यापैकी बहुतेकांना ते वर्तमानपत्रातून किंवा शेजाऱ्याकडून कळलं. विरोध तिथूनच सुरू झाला.

या प्रकरणातला फक्त शिवाजी पार्कचा भाग मी इथे घेतला आहे. वारसा धोरण सुधारताना कुठल्याही शहराच्या वाटेला येणारा पेच इथे स्पष्ट दिसतो: जपावंसं वाटतं ते खरंच मोलाचं आहे, जपणाऱ्यावर बोजा पडतो तोही खरा आहे, आणि धोरणात त्या बोजाचा हिशेबच मांडलेला नाही.

नियमांनी घडवलेली वस्ती

1896 च्या प्लेगने मुंबईतल्या दाट वस्त्यांची दैना उघड केली. त्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहती टाकण्याच्या योजना निघाल्या. रस्ते किती रुंद, दोन इमारतींमध्ये किती अंतर, भूखंडाच्या किती भागावर बांधायचं, हे सगळं ठरवून मग भूखंड दिले गेले. दादरच्या पश्चिमेला महापालिकेने 1925 मध्ये मैदान खुलं केलं, ते तेव्हा माहीम पार्क. 1927 मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. पुढच्या दोन दशकांत मैदानाभोवती आणि मागच्या गल्ल्यांतून तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, आचरेकर सरांची नेट्स, कट्टा, दसरा हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. त्यावर वेगळं सांगायला नको.

इमारतींबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण रोज समोरून जाणाऱ्यांनाही त्या नीट दिसत नाहीत. केळुस्कर मार्गावरून मागच्या गल्लीत वळा आणि एखादी न बदललेली इमारत शोधा. कोपऱ्यावरची बाल्कनी काटकोनात न संपता गोल वळलेली असते. खिडक्यांवरचा काँक्रीटचा छज्जा एका खिडकीपुरता नसतो, तो पट्टीसारखा इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. प्रवेशद्वारावर गिलाव्यातच इमारतीचं नाव उठवलेलं असतं. जिन्याच्या लोखंडी जाळीत सूर्यकिरणांची किंवा लाटांची नक्षी असते, पायऱ्यांना चिप्सची लादी. कंपाउंडची भिंत कमरेएवढी, त्यामुळे रस्त्यावरून आतलं झाड आणि ओटा दिसतो. दगडी कोरीवकाम इथे नाही. हे सिमेंट काँक्रीटचं, तेव्हाच्या नव्या मध्यमवर्गाचं आर्ट डेको आहे. एकेकटी इमारत पाहिली तर तिला कुणी स्मारक म्हणणार नाही. पण सारख्या उंचीची, सारखं अंतर राखून उभी असलेली ओळ पाहिली की कळतं, सौंदर्य त्या ओळीत आहे.

वारसा धोरणात अशा ओळीसाठी ‘परिसर’ अशी वेगळी नोंद असते. शिवाजी पार्कचा वाद या एका शब्दाच्या अंमलबजावणीवरून पेटला.

यादीत नाव आलं म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्रात नगररचनेच्या 1966 च्या कायद्याखाली विकास आराखड्यातच वारसा जतनाची तरतूद करता येते. त्या आधारावर 1995 मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 67 आला, आणि वारसा संवर्धन समिती स्थापन झाली. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा, हा नियम वेगळा. इथे वास्तू सरकारच्या ताब्यात जात नाही. मालक मालकच राहतो, भाडेकरू भाडेकरूच. फक्त बदल करायचे तर आयुक्तांची खास परवानगी लागते आणि आयुक्त समितीचा सल्ला घेतात.

श्रेणी तीन. पहिली श्रेणी राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंची, तिथे अगदी गरजेपुरताच हात लावायचा. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे भाग आहेत. आतले बदल चालतात, ब मध्ये त्याच आवारात मेळ राखून जोडबांधकामही होऊ शकतं. तिसरी श्रेणी रस्त्याच्या, मोहल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तूंची, आणि तिथे बदलाला बराच वाव आहे. परिसरातल्या ज्या इमारतींना स्वतंत्र श्रेणी नाही, त्यांच्याबाबत प्रश्न असतो तो ओळीशी मेळ राखण्याचा.

आता 1999 ची दुरुस्ती पाहू. तिसऱ्या श्रेणीतल्या किंवा परिसरातल्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास नियम 33(7), म्हणजे अशा जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याच्या नियमाखाली होत असेल, तर वारसा परवानगीची गरज नाही, अशी सूट त्या वर्षी दिली गेली. उपकरप्राप्त म्हणजे शहर भागातल्या जुन्या, भाडेकरूंच्या, रिपेअर बोर्डाला (इमारत दुरुस्ती मंडळाला) उपकर भरणाऱ्या इमारती. सुरुवातीला त्यांची संख्या 19,642 होती. शिवाजी पार्कच्या आसपास अशा इमारती भरपूर.

याचा अर्थ नीट लावला तर 2012 च्या भांडणातल्या दोन्ही बाजूंचं चित्र बदलतं. पुनर्विकास कायमचा बंद होणार, ही उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूची भीती बरीचशी गैरसमजातून आलेली होती. आणि परिसर जाहीर झाला की ओळ वाचेल, ही संवर्धनवाद्यांची आशाही तितकीच पोकळ होती, कारण परिसरातल्या बऱ्याच इमारती आधीच या सवलतीच्या दारातून बाहेर होत्या. धोरणाने लोकांना घाबरवलं, पण वास्तूंना वाचवलं नाही. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म हे आहे, आणि सुधारणेची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

विरोधामागचा हिशेब

रहिवाशांना वारशाची किंमत नाही, असा सूर तेव्हा काही मंडळींनी लावला. तो अन्यायाचा होता. त्यांच्या जागी बसून हिशेब मांडून पाहा.

समजा, 800 चौरस मीटरचा भूखंड आहे. त्यावर तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजला 320 चौरस मीटर, म्हणजे एकूण 1,280. शहर भागाचा मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.33 धरला तर या भूखंडावर 1,064 चौरस मीटरच बसतात. इमारत एफएसआयचे नियम येण्याआधीची असल्याने ती आधीच मर्यादेच्या पुढे आहे. वारसा नियमात नुकसानभरपाई म्हणून टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याची मुभा) देण्याची सोय होती, पण ती न वापरलेल्या एफएसआयपुरती. इथे न वापरलेलं काही शिल्लकच नाही. म्हणजे भरपाई शून्य.

हीच इमारत 33(7) खाली पाडली तर आजच्या नियमावलीप्रमाणे एफएसआय 3, म्हणजे 2,400 चौरस मीटर. दोन्हींतला फरक 1,120 चौरस मीटर, आणि तोही शिवाजी पार्कच्या भावाने. या फरकातून भाडेकरूला मालकीचं, लिफ्ट असलेलं, थोडं मोठं घर मिळतं, बिल्डरला विक्रीचे फ्लॅट मिळतात, मालकाला त्याचा वाटा मिळतो. वारसा यादीच्या बाजूने या पारड्यात ठेवायला काहीही नव्हतं. रहिवाशांनी जे केलं ते कुणीही केलं असतं.

दुसरा भाग दुरुस्तीचा. भाडेनियंत्रण 1947 च्या कायद्याने पक्कं झालं आणि प्रमाणभाडं 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. 1999 च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात खऱ्या अर्थाने फरक पडला नाही. त्या भाड्यात मालक वर्षातून एकदा गच्चीची गळतीही धड थांबवू शकत नाही. पागडीचा, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा भाडेकरू स्वतःच्या खोलीला रंग देतो, पण जिना, गच्ची, पाण्याची टाकी, बाहेरची भिंत यांचा वाली कुणीच नसतो.

आणि या इमारती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा 80 वर्षं काँक्रीटमध्ये झिरपत राहते, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटून पडतं. सगळ्यात आधी सुटतो तो छज्जा आणि बाल्कनीचा कठडा, म्हणजे आर्ट डेकोची जी ओळख तीच. रहिवासी घाबरून छज्जा तोडून टाकतात, बाल्कनीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून ती खोलीत घेतात, पाऊस अडवायला वर पत्रा घालतात. अशा इमारतीचं मूळ रूप झाकलं जातं, आणि मग ‘यात वारसा तो काय उरलाय’ असं म्हणायला जागा होते. योग्य दुरुस्ती शक्य असते: गंज साफ करून, सळ्यांवर लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने छज्जा मूळ आकारात घडवता येतो. पण ते काम करणारे कारागीर कमी, खर्च जास्त, आणि खर्च कुणी करायचा यावर मालक-भाडेकरूंचं एकमत नाही.

त्यात 30 वर्षांवरच्या इमारतींना रचनात्मक तपासणी सक्तीची. तपासणी अहवालात इमारत सी-1 म्हणजे अतिधोकादायक ठरली की पाडण्याचा मार्ग मोकळा. तपासणी कोण करतो, त्याला जुन्या काँक्रीटची दुरुस्ती येते का, हे वारसा नियमात विचारलंच जात नाही. माझ्या मते इमारतीचं भवितव्य वारसा समितीपेक्षा या अहवालात जास्त वेळा ठरतं.

ओव्हलला जे जमलं

हाच काळ, हीच शैली, पण दक्षिणेला चित्र उलटं. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा भाग 1995 पासूनच वारसा परिसरात होता. तिथल्या नागरिकांच्या संघटनांनी मैदानाची देखभाल अंगावर घेतली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 30 जून 2018 रोजी व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात 94 इमारती आहेत.

तिथले लोक जास्त सुसंस्कृत आणि दादरचे कमी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. ओव्हलसमोरच्या घरांचं क्षेत्रफळ, समोरचा मोकळा नजारा आणि पत्ता यांमुळे घर आहे तसं ठेवण्यातच मोल आहे. वारशाचा शिक्का तिथे किंमत वाढवतो. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत तीन पिढ्या राहणाऱ्या घराला तो शिक्का जागा देत नाही. याच प्रस्तावातल्या बीडीडी चाळींचा विचार केला तर हे आणखी बोचतं. तेव्हा तिथे 1920 च्या दशकातल्या 207 चाळी होत्या, 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. तिथल्या कुटुंबाला ‘तुमची चाळ वारसा आहे’ असं सांगताना सोबत मोठ्या घराची हमी नसेल, तर ते बोलणं त्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं आहे. कामगार चळवळीचा इतिहास त्या चाळींत आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो जपण्याची किंमत त्या खोलीत राहणाऱ्यानेच का मोजावी?

मधली वर्षं

हरकतींचा ओघ मोठा होता. सर्व पक्षांच्या स्थानिक नेत्यांनी रहिवाशांची बाजू घेतली. हरकती ऐकण्यासाठी माजी मुख्य सचिव दिनेश अफजुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन समिती नेमली गेली आणि प्रस्ताव वर्षानुवर्षं रेंगाळला. ज्यांना दुरुस्ती करायची होती ते थांबले, कारण उद्या नियम काय असेल ते माहीत नाही. ज्यांना पाडायचं होतं त्यांनी घाई केली, कारण यादी पक्की होण्याआधी काम उरकलेलं बरं. अनिश्चिततेत दुरुस्ती मागे पडते आणि पाडापाडी पुढे सरकते.

2018 मध्ये विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 लागू झाली आणि वारशाचा नियम तिच्यात विनियम 52 म्हणून आला. 33(7) साठी लागणारी रहिवाशांची संमती 70 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर आली. भाडेकरूंच्या दृष्टीने ही सोय मोठी, पण जुन्या ओळीच्या दृष्टीने आणखी एक बांध फुटला. आज मैदानाच्या कडेने चालताना चार मजल्यांच्या रांगेत मध्येच टॉवर दिसतो, खाली दोन-तीन मजले पार्किंगचे, रस्त्याला भिडलेली उंच भिंत. पुनर्विकास झाला याचं मला वाईट वाटत नाही. रस्त्याशी असलेलं नातं तुटलं, याचं वाटतं. ते तुटणं टाळता येण्यासारखं होतं.

पुढची सुधारणा कुठून सुरू करावी

सगळ्यात आधी मैदान, रस्त्याची ओळ आणि एकेकटी इमारत, या तीन गोष्टींना एकाच प्रस्तावात, एकाच भाषेत कोंबणं थांबवलं पाहिजे. मैदानावर कुणाचं घर नाही. त्याला कडक संरक्षण देण्यात कुणाचं नुकसान नाही, ते ताबडतोब आणि स्वतंत्रपणे करता येतं. मोजक्या इमारती, ज्यांचं रूप शाबूत आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र श्रेणी आणि स्वतंत्र पैसा लागेल. उरलेल्या शेकडो घरांसाठी श्रेणीची गरजच नाही. तिथे ओळीचे नियम पुरेत, आणि ते परवानगीच्या फाइलमध्ये न ठेवता थेट बांधकाम नियमात लिहावेत: रस्त्यालगतचा भाग किती उंच, जास्तीचे मजले किती मागे सरकवायचे, कंपाउंडची भिंत किती, तळमजल्याला रस्त्याकडे दारं-खिडक्या असल्याच पाहिजेत, पार्किंगची भिंत रस्त्याला येता कामा नये, कोणती झाडं राहणार. असे नियम असले की बिल्डर पहिल्या दिवसापासून त्यात बसणारा नकाशा काढतो आणि रहिवाशाला समितीपुढे खेटे घालावे लागत नाहीत. ट्रस्टने शंभर वर्षांपूर्वी याच पद्धतीने ही वस्ती घडवली होती.

1999 च्या सवलतीबाबतही स्पष्ट बोलावं लागेल. ती रद्द करा, अशी मागणी संवर्धनाच्या वर्तुळात अधूनमधून होते. मला ती व्यवहार्य वाटत नाही. उपकरप्राप्त इमारतीतल्या माणसाचा सुरक्षित घराचा हक्क मोठा आहे. सूट राहू द्या, पण समितीच्या परवानगीपुरती. ओळीच्या नियमांतून कुणालाच सूट नको.

पैशाची बाजू बदलल्याशिवाय मात्र यातलं काहीच टिकणार नाही. न वापरलेल्या एफएसआयचा टीडीआर ही कल्पना ज्यांचा भूखंड मोठा आणि बंगला लहान, त्यांच्या उपयोगाची. चार मजली पागडीच्या इमारतीला दुरुस्तीशी जोडलेला टीडीआर हवा: इमारत ठेवली, ठरलेल्या दर्जाची दुरुस्ती केली, तर बांधलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात टीडीआर मिळेल आणि तो टप्प्याटप्प्याने, काम तपासून दिला जाईल. त्यातला भाडेकरूंचा वाटा कागदावर ठरलेला असावा, नाहीतर सगळा मालकाच्या खिशात जाईल आणि गळती तशीच राहील. मालमत्ता करात सवलत हा छोटा उपाय आहे, पण दरवर्षी हातात पडणारा असल्यामुळे लोकांना तो खरा वाटतो.

सी-1 च्या बाबतीत एक साधी अट पुरेल. यादीतली किंवा ओळीतली इमारत अतिधोकादायक ठरवण्याआधी, जुन्या काँक्रीटच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा दुसरा अहवाल महापालिकेच्या खर्चाने घ्यावा, आणि दुरुस्ती शक्य आहे का, किती खर्चात, हे त्यात लिहिलेलं असावं. रहिवाशांना पाडण्याचा निर्णय घ्यायचा असेल तर तो दोन्ही आकडे समोर ठेवून घेऊ द्यावा. लोकांचा जीव धोक्यात असेल तर टेकू लावून तात्पुरतं स्थलांतर आधी, वाद नंतर.

किरकोळ कामांसाठी वॉर्ड ऑफिसमध्येच ठरावीक दिवसांत निकाल मिळाला पाहिजे. 2012 मध्ये लोकांना सतावणारे प्रश्न साधे होते: खिडकीला ग्रिल लावायला परवानगी लागेल का, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करता येईल का, रंग बदलला तर दंड होईल का. यांची उत्तरं एका पानावर, मराठीत, चित्रांसकट देता आली असती. ज्या कामांना परवानगी नकोच, त्यांची यादी आधी छापावी. त्या यादीने अर्धी भीती जाईल.

आणि नोंद. प्रत्येक इमारतीचं एक पत्रक: फोटो, बांधकामाचा काळ, कोणते भाग जपण्यासारखे, कोणते बदललेले, कोणती श्रेणी आणि का. हे पत्रक यादी जाहीर होण्याआधी त्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर लागलं पाहिजे, आणि सुनावणी वॉर्डातच, संध्याकाळच्या वेळी, नोकरी करणाऱ्यांना येता येईल अशी ठेवली पाहिजे. रहिवाशांना आपल्या इमारतीबद्दल अधिकाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. जिन्याची जाळी कुणी केली, मूळ दारं कुठल्या माळ्यावर पडून आहेत, कोणत्या पावसात छज्जा पडला, हे तेच सांगतील. काही वर्षांत स्वयंसेवी संस्थांनी मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींचं चांगलं दस्तऐवजीकरण केलं आहे, शिवाजी पार्कसकट. ते पायाभूत धरता येईल.

सुधारणेचा मसुदा जाहीर झाल्यापासून तो पक्का होईपर्यंत मुदत बांधून घ्यावी, एक वर्ष पुरेसं आहे. त्या वर्षात पाडण्याच्या नव्या परवानग्या थांबाव्यात आणि दुरुस्तीच्या परवानग्या तातडीने सुटाव्यात. मुदतीत निर्णय झाला नाही तर बंधन आपोआप उठावं, म्हणजे रेंगाळण्याची किंमत प्रशासनालाही मोजावी लागेल.

हे सगळं मुंबईपुरतं नाही. वाई, सातारा, नाशिक, पैठण अशा गावांत वाडे, घाट आणि बाजारपेठा आहेत, आणि तिथल्या वाड्यांतही मालक, कूळ, वाटण्या आणि गळकी छपरं आहेत. त्या नगरपालिकांकडे मुंबईसारखा टीडीआरचा बाजार नाही, त्यामुळे त्यांना कर सवलत आणि दुरुस्ती अनुदानावरच भर द्यावा लागेल. अनुदानाची रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती यादीच्या ठरावातच, त्याच सभेत, अंदाजपत्रकाच्या शीर्षासह मंजूर झाली पाहिजे.